पाय ऐकतात, दमतात: स्टेरॉईडचं पहिलं वर्ष

गेल्या ५ फेब्रुवारीला आमच्या बाबूच्या गोळीला एक वर्ष झालं. डेफ्लाझाकॉर्ट नावाचं स्टेरॉईड, रोज सकाळी पेज खाल्ल्यावर. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू झिजवत नेणारा जनुकीय आजार, हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मराठीत काही वाचायला मिळतंय का म्हणून मी रात्र रात्र फोन घेऊन बसायचे. फार काही हाती लागलं नाही. तशीच बसलेली दुसरी कुणी आई असेल, तिच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात खाजनाच्या, म्हणजे बांध घालून भरतीचं पाणी अडवलेल्या शेतजमिनीच्या, काठावर आमचं गाव, आणि मी पतसंस्थेत नोकरी करते. खाली जे डोस आणि आकडे येतील ते आमच्या मुलाचे आहेत. तुमच्या मुलाचे तुमचे डॉक्टर ठरवतील.

सुरुवात पोटऱ्यांपासून झाली. २०२३ च्या जूनमध्ये बाबू पहिलीत गेला. पोटऱ्या टणक, भरलेल्या. आमच्याकडे फुटबॉलचं वेड घरोघरी, त्यामुळे जो तो म्हणायचा, हा पोरगा मैदान गाजवणार. मलाही ते ऐकून बरं वाटायचं. पण तो पळत नसे. पायऱ्या चढताना एक हात कठड्यावर आणि दुसऱ्या हातात माझी ओढणी. अंगणात दिवसातून चारदा पडायचा. मी त्याला ओरडायचे. ‘मन लाव, जरा जोर कर’ हे माझं रोजचं होतं. एकदा तो रडत रडत म्हणाला, ‘आई, मी सांगतो पायांना. ते ऐकत नाहीत.’ त्या वाक्याने मला पुढे सहा महिने झोपू दिलं नाही.

ऑगस्टमध्ये त्याला ताप आला म्हणून रक्त तपासलं. यकृताच्या तपासणीतले दोन आकडे वाढलेले, एसजीपीटी ३१२ आणि एसजीओटी त्याच्या आसपास. एका खासगी डॉक्टरांनी यकृताला सूज आहे म्हणून औषध सुरू केलं. सोनोग्राफीत यकृत अगदी व्यवस्थित दिसलं, तरी औषध चालूच राहिलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. एसजीपीटी आणि एसजीओटी यकृतात असतात तसे स्नायूंतही असतात. स्नायू झिजत असेल तरी ते वाढतात. त्याच तपासणीतला तिसरा आकडा, जीजीटी, मात्र स्नायूतून येत नाही. मूल सारखं पडतंय, पहिले दोन आकडे वाढलेत आणि जीजीटी नॉर्मल आहे असं दिसलं तर सीपीके, म्हणजे स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. आमच्याकडे ही तपासणी साडेचारशे रुपयांत झाली. तीच ऑगस्टमध्ये झाली असती तर यकृताच्या औषधाच्या बाटल्या आणल्याच नसत्या.

१९ सप्टेंबरला चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. घर पाहुण्यांनी भरलेलं. आरती संपली आणि गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसलेली सगळी पोरं टुणकन उठली. बाबू आधी ओणवा झाला, मग हात गुडघ्यांवर टेकले, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहिला. ह्यांची मावसबहीण नर्स आहे. तिने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, ‘वहिनी, हा नेहमी असाच उठतो?’ मी हो म्हटलं. ती म्हणाली, ‘विसर्जन झालं की दुसऱ्याच दिवशी सीपीके करा.’ अशा उठण्याला गॉवर्सची खूण म्हणतात, हे मला नंतर कळलं. विल्यम गॉवर्स या डॉक्टरांनी ती १८७९ मध्ये वर्णन करून ठेवली आहे. आमच्या घरात मात्र आम्ही ती रोज बघत होतो आणि आळस म्हणत होतो.

सीपीके १४,८६० आला. छापील कागदावर नॉर्मलची मर्यादा दोनशेच्या आत.

त्यानंतरचे पंधरा दिवस धावाधाव. पणजीत एका खासगी ठिकाणी नसांची तपासणी करायला सांगितलं, साडेतीन हजार रुपये. आधी हातापायांच्या शिरांना विजेचे बारीक झटके. मग एकाच शिरेला सेकंदाला तीन या वेगाने सलग झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद कमी होत जातो का ते बघितलं. शेवटी मांडीत सुई. बाबूचं रडणं बाहेर रस्त्यापर्यंत गेलं असेल. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की शिरा नॉर्मल, सलग झटक्यांना प्रतिसाद टिकून, सुईच्या तपासणीत दोष स्नायूचा. मला त्यातलं एवढंच कळलं की विजेचा निरोप जातो की नाही हे बघितलं गेलं. पुढे आम्हाला सांगण्यात आलं की सीपीके एवढा असताना आणि मूल असं उठत असताना थेट जनुकीय तपासणीकडे जाता आलं असतं, सुईची गरज नव्हती. तुम्हाला कुणी सुचवलं तर ‘याने निदान बदलणार आहे का?’ एवढं जरूर विचारा.

१६ ऑक्टोबरला, सोमवारी, आम्ही गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, न्यूरोलॉजी ओपीडीत गेलो. पहाटेची बस धरून पणजी, तिथून बांबोळी. जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, आणि मूल जमिनीवरून उठतानाचा व्हिडिओ फोनमध्ये ठेवा. तपासताना मुलं बिचकतात, धड उठत नाहीत. आमचा व्हिडिओ डॉक्टरांनी तीनदा बघितला. जनुकीय तपासणीला एमएलपीए म्हणतात. रक्त गोव्याबाहेरच्या लॅबला गेलं, नऊ हजार रुपये लागले, आणि रिपोर्ट २४ नोव्हेंबरला आला. डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचे ७९ तुकडे असतात, त्यांना एक्सॉन म्हणतात. बाबूच्या जनुकात ४५ ते ५० हे तुकडे नाहीत. सहा तुकडे. मी तो कागद घरी आल्यावर देवघरात ठेवला, का ते सांगता येणार नाही.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलग्याला ते आईकडून मिळतं, म्हणून आईचीही तपासणी करतात. सुमारे दोन तृतीयांश वेळा आई वाहक निघते, बाकीच्यांत बदल मुलातच नव्याने झालेला असतो. मी वाहक निघाले. त्या दिवशी मी सासूबाईंसमोर मान वर करू शकले नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग तुझ्या जिवाला काही नाही ना?’ खरंच विचारण्यासारखा प्रश्न होता, कारण वाहक बाईच्याही हृदयावर परिणाम होऊ शकतो. माझा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला, ठीक आहे. माझ्या बहिणीलाही मी सांगितलं. सांगायला आठ दिवस लागले, पण तिला सांगणं तिच्या हक्काचं होतं.

आता त्या भागाकडे येते ज्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसले.

डॉक्टर म्हणाले की स्टेरॉईड सुरू करायचं. माझ्या डोक्यात लगेच सावंतवाडीची मावशी आली. तिच्या पापण्या मिटायच्या, घास गिळवत नसे, आणि स्टेरॉईडवर ती बरीच सावरली होती. तिला मायस्थेनिया होता, नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट न पोचण्याचा आजार. मला वाटलं, हाच तो आजार. पायांना निरोप पोचत नाही, गोळीने पोचायला लागेल. बाबू स्वतःच म्हणत होता ना, पाय ऐकत नाहीत म्हणून. मी डॉक्टरांना तसं विचारलं. बाहेर रांग होती, तरी त्यांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. तो कागद मी जपून ठेवला आहे.

एका बाजूला मज्जातंतूचं टोक, दुसऱ्या बाजूला स्नायूचा धागा, मध्ये केसाहून कितीतरी बारीक फट. मेंदूचा निरोप टोकापर्यंत विजेसारखा येतो. तिथे असिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, फट ओलांडतं आणि पलीकडच्या रिसेप्टरना जाऊन बसतं. मग स्नायूच्या कातडीवर नवी वीज उठते आणि धागा आकसतो. या जागेला न्यूरोमस्क्युलर जंक्शन म्हणतात. मावशीच्या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती त्या रिसेप्टरवर चालून जाते, म्हणून निरोप अडतो. तिथे स्टेरॉईड त्या हल्ल्याला आवर घालतं. ‘तुमच्या मुलाचे रिसेप्टर जागेवर आहेत,’ डॉक्टर म्हणाले. ‘निरोप पोचतो. स्नायू तो पाळतो. पाळतानाच त्याची भिंत फाटते.’

डिस्ट्रॉफिन हे त्या भिंतीला आतून धरून ठेवणारं प्रथिन. ते नसलं की प्रत्येक आकसण्याला भिंतीला चिरा पडतात, बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं आणि धागा मरतो. काही धागे नव्याने बनतात, पण पुढे पुढे त्यांच्या जागी चरबी आणि चिवट ऊती भरत जातात. टणक पोटऱ्या त्याच. आमच्या खाजनाचा बांध मला लहानपणापासून माहीत आहे. चिखलात पेंढा घालून थापला नाही तर वरून तो बांधच दिसतो, आणि दोन भरत्यांत खचतो. डॉक्टर चित्र काढत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे तो बांध होता.

मी पुन्हा विचारलं, म्हणजे जंक्शन अगदी ठणठणीत आहे? तर तसंही नाही. या आजाराच्या अभ्यासासाठी एमडीएक्स जातीचे उंदीर वापरतात, त्यांच्यातही डिस्ट्रॉफिन नसतं. निरोगी उंदराचं जंक्शन सूक्ष्मदर्शकाखाली चकलीसारखं सलग वेटोळं दिसतं. या उंदरांत त्या चकलीचे तुकडे पडलेले असतात. धागे मरतात आणि पुन्हा बनतात, त्या घडामोडीत जंक्शनही मोडतं आणि पुन्हा जुळतं. तरी निरोप जातो, कारण गरजेपेक्षा कितीतरी जास्त रसायन प्रत्येक वेळी सुटत असतं. शिवाय डिस्ट्रॉफिनचं एक भावंड आहे, युट्रोफिन. ते जंक्शनच्या ठिकाणी या मुलांतही टिकून असतं. म्हणूनच त्या सलग झटक्यांच्या तपासणीत बाबूचा प्रतिसाद टिकून होता.

मग स्टेरॉईड नेमकं करतं काय? ते निरोपाचा आवाज वाढवत नाही आणि डिस्ट्रॉफिनही आणून देत नाही. भिंत फाटल्यावर तिथे जी सूज आणि जाळपोळ सुरू होते ती ते कमी करतं, त्यामुळे धागे मरण्याचा वेग मंदावतो. जो धागा जगला त्याच्यावरचं जंक्शनही जगलं, निरोप घ्यायला कुणीतरी उरलं. जंक्शनला होणारा फायदा मी समजले तो असा, आडवाटेचा. आणि डॉक्टरांनी लगेच दुसरी बाजूही सांगितली. जास्त डोस खूप काळ दिला तर स्टेरॉईड स्वतःच स्नायू बारीक करू शकतं. म्हणून मध्येच अशक्तपणा वाढला तर आपल्या मनाने गोळी वाढवायची नाही.

त्या रात्री बाबू झोपल्यावर मी त्याच्या पायांवर हात ठेवून बसून राहिले. वर्षभर मी त्या पायांना हट्टी म्हणत होते. ते प्रत्येक वेळी ऐकत होते, आणि ऐकण्यानेच फाटत होते. सकाळी मी त्याला सांगितलं, ‘पाय ऐकतात रे तुझे. दमतात फक्त.’ त्याने पेज खाता खाता मान डोलावली.

गोळीच्या आधीची तयारी दोन महिने चालली. स्टेरॉईडवर असताना जिवंत जंतूंच्या लशी देत नाहीत, त्यामुळे कांजिण्यांच्या लशीचा राहिलेला डोस ४ डिसेंबरला घेतला आणि मग थांबलो. क्षयाची चाचणी आणि छातीचा एक्स-रे झाला. डोळे तपासले, रक्तदाब, साखर, उंची, वजन. ड जीवनसत्त्व कमी निघालं, त्याचे थेंब सुरू झाले. हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी खासगीत करावी लागली, बावीसशे रुपये. इको नॉर्मल. ह्यांना स्टेरॉईड या शब्दाचीच धास्ती होती. दहा दिवस गोळी आणि दहा दिवस सुट्टी असं चालेल का, असं त्यांनी विचारलं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पाच देशांतल्या १९६ मुलांवर नेमकं हेच तपासलं होतं. रोज गोळी घेणाऱ्यांची ताकद तीन वर्षांनी अधिक चांगली राहिली. ह्यांनी ते ऐकलं आणि सही केली.

५ फेब्रुवारी २०२४, सोमवार. वजन साडेसतरा किलो, किलोला ०.९ मिलिग्रॅम या हिशेबाने १५ मिलिग्रॅम, म्हणजे सहाच्या अडीच गोळ्या. महिन्याला साधारण साडेनऊशे रुपये. अर्धी गोळी सुरीने तोडली तर चुरा होतो, औषधांच्या दुकानात गोळी कापायची छोटी डबी मिळते ती घ्या.

पहिला महिना कठीण गेला. भूक अशी की जेवण संपतानाच तो पुढचं जेवण विचारायचा. घरात सुकी मासळी, लोणचं, पापड सगळं वर ठेवून दिलं, कारण मीठ कमी हवं. उकड्या तांदळाची पेज राहिली, पण त्यात मीठ नावापुरतं आणि बरोबर परतलेली भाजी किंवा मूग. एकट्याला वेगळं वाढलं की तो रडायचा, म्हणून सगळ्यांनीच तसं जेवायला सुरुवात केली. सासूबाईंनी खारे बांगडे सोडले, हे मी विसरणार नाही. त्यापेक्षा अवघड होता त्याचा राग. शांत पोरगा, तो पाटी फेकू लागला. शाळेत बाईंना मी आधी जाऊन सांगितलं नव्हतं, ही माझी चूक. तुम्ही गोळी सुरू व्हायच्या आधीच सांगा. सहाव्या आठवड्यापासून राग उतरला. चेहरा मात्र गोल झाला तो झालाच.

एप्रिलच्या तपासणीत फिजिओथेरपिस्ट ताईंनी घड्याळ लावलं. जमिनीवरून उठायला डिसेंबरमध्ये ६.८ सेकंद लागले होते, आता ४.९. मी पुन्हा मोजायला लावलं. ५ आले. तेही चाललं असतं मला. याच ताईंनी रात्री पायाला लावायच्या पट्ट्या करून घ्यायला सांगितल्या, साडेसहा हजार, आणि उड्या मारणं व भरभर पायऱ्या उतरणं टाळायला सांगितलं, कारण उतरताना स्नायू ताणला जात असताना आकसतो आणि भिंतीवर जास्त भार येतो.

जुलैच्या पावसात त्याला उलट्या सुरू झाल्या. सकाळची गोळी पडली, पुन्हा दिली तीही पडली. काही महिने स्टेरॉईड चालू असलं की शरीर स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉईड, कॉर्टिसॉल, बनवणं कमी करतं. गोळी अचानक बंद झाली तर रक्तदाब कोसळू शकतो, जिवावर बेतू शकतं. आम्ही जवळच्या एका इस्पितळात पोचलो. तिथे ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, उलटी थांबू दे, गोळी उद्या द्या. मी न्यूरोलॉजीच्या डॉक्टरांनी सही करून दिलेलं कार्ड पुढे केलं. त्यावर आजाराचं नाव, गोळीचा डोस आणि अशा वेळी हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्यावं असं लिहिलं होतं. त्यांनी ते वाचलं, फोन केला, इंजेक्शन दिलं. संध्याकाळी बाबू उठून बसला. ते कार्ड आता तीन ठिकाणी आहे, त्याच्या दप्तरात, माझ्या पर्समध्ये आणि ह्यांच्या ट्रकमध्ये.

त्याच कार्डावर लाल शाईने आणखी एक ओळ आहे, सक्सिनिलकोलीन देऊ नये. भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात ते हे औषध. ते त्याच जंक्शनवर जाऊन असिटिलकोलीनसारखं बसतं. ड्युशेनच्या मुलांत त्यामुळे स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि हृदय थांबू शकतं. भुलीचे काही वायूही टाळतात. दात काढायचा असो की हात मोडलेला असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजार आणि स्टेरॉईड या दोन्ही गोष्टी तोंडाने सांगा. फाईलमध्ये आहे म्हणून गप्प बसू नका.

युडीआयडी कार्डाचं, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचं, काम मी सप्टेंबरमध्ये हाती घेतलं. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे, त्यामुळे आजार बसतो की नाही हा वाद नाही. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरला. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, जनुकीय रिपोर्ट. आधारवरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव यांत एका अक्षराचा फरक होता, अर्ज परत आला, दुरुस्तीत तीन आठवडे गेले. तुम्ही आधीच दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. मंडळापुढे तपासणी झाली, आठ आठवड्यांनी प्रमाणपत्र आलं, ५० टक्के, पाच वर्षांनी पुन्हा तपासणी. त्याची प्रत शाळेत दिली. तिसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर असतो, मुख्याध्यापिका म्हणाल्या की तो तिसरीत जाईल तेव्हा वर्गच खाली आणू. मी तिथे रडले.

वर्षाचा हिशेब असा. वजन चार किलोंनी वाढलं, उंची जेमतेम दीड सेंटिमीटर. डोळे स्वच्छ. चालणं, उठणं, पायऱ्या अशा १७ गोष्टींची ३४ गुणांची तपासणी असते, त्यात गेल्या वर्षी २४ होते, आता २७. पुढे हे गुण उतरणार आहेत, मला ठाऊक आहे. स्टेरॉईड चालण्याची वर्षं वाढवतं, आजार नेत नाही.

मागच्या आठवड्यात देवळाच्या पायऱ्यांवर सासूबाई गुडघा धरून मध्येच बसल्या आणि पाय ऐकत नाही गं, असं म्हणाल्या. बाबू त्यांच्या शेजारी बसला. ‘आजी, ऐकतात ते. दमलेत फक्त. आपण बसूया.’ दोघं बसले. मी खाली चपला सांभाळत उभी होते, घाई केली नाही.

पुढची तारीख १२ मे. इको, डोळे, आणि पाठीचा एक्स-रे, कारण स्टेरॉईडवर मणक्यांना न दुखता बारीक चिरा पडू शकतात. आधीचे कागद फाईलला लावून झालेत, व्हिडिओ या रविवारी काढणार आहे.